गुरुवारची ओपीडी

मॅडम, परवा धुळ्यात, देवपूरला, आपल्या दवाखान्याची दुसरी शाखा सुरू झाली. तुम्ही असतात तर कात्री फितीसाठी नसते म्हणत ती ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये परत ठेवायला लावली असतीत, म्हणून आम्ही फीत बांधलीच नाही. दार उघडलं, पंखा लावला आणि पहिला नंबर आत घेतला. इतकी वर्षं धुळ्याची माणसं एसटीनं जळगावला यायची, तोंडाला रुमाल बांधून. रुमाल उन्हासाठी आहे की कुणी ओळखू नये म्हणून, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. खानदेशातल्या उन्हाचे आमच्यावर एवढे उपकार आहेत. परवाच्या गडबडीत तुम्हाला काही सांगायचं राहून गेल्यासारखं वाटत राहिलं. आज दवाखाना बंद आहे, म्हणून लिहायला बसलोय.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तोही रुमाल बांधूनच. पाइपच्या कारखान्यात कारकून होतो, पारोळ्याहून येऊन खोली करून राहत होतो. अंगावर पुरळ उठलं होतं आणि आता आपलं काही खरं नाही असं मनानं घेतलं होतं. तुमच्याकडे येण्याचं कारण एकच, बाहेरच्या पाटीवर फक्त ‘त्वचारोग’ लिहिलेलं होतं. त्या बाकावर बसलेला माणूस मुरुमांसाठी आलाय की आणखी कशासाठी, हे कळायला मार्ग नव्हता. आत आलो आणि म्हणालो, माझ्या मित्राच्या अंगावर पुरळ आलंय.

“मित्र कुठाय?”

“बाहेरगावी.”

“मग बाहेरगावचा डॉक्टर बघेल त्याला. तू शर्ट काढ मेल्या.”

तुम्ही कोकणातल्या, आणि सासरी येऊन जन्म गेला तरी ‘मेल्या’ काही सुटलं नव्हतं. तुम्ही चष्मा वर करून पाठ पाहिली, मान पाहिली आणि खुर्चीत मागे टेकलात. “घामोळं आहे. जळगावात मे महिन्यात ज्याला घामोळं येत नाही, त्यानं डॉक्टरकडे यावं.” मला हसू आलं आणि लगेच रडूही. तुम्ही पेन खाली ठेवलंत. “घामोळ्यासाठी कुणी मित्राचं नाव पुढं करत नाही. कशाची भीती वाटत होती?” तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्यानं बोललो, की मला पुरुष आवडतात. बाहेर कंपाउंडर गोळ्यांच्या पुड्या बांधत होता, त्या कागदांचा आवाज अजून आठवतो. तुम्ही पेन पुन्हा उचललंत आणि म्हणालात, “बरं. त्याला काही औषध लागत नाही. तपासणी मात्र करून घेऊ, म्हणजे झोप लागेल.” तपासणीत काही निघालं नाही. त्या रात्री मी खरंच झोपलो.

पुढच्या खेपेला मी खऱ्या मित्राला घेऊन आलो. त्यानं त्याच्या मित्राला आणलं. त्या काळी कायदाही आमच्या बाजूचा नव्हता, आणि डॉक्टरांकडे जायचं म्हणजे काय लपवायचं याची आधी तालीम करावी लागे. तुम्ही एकदा वैतागून म्हणालात, “तुम्ही सगळे खोटं बोलण्यात माझा अर्धा वेळ घालवता. गुरुवारी दुपारी मी मोकळी असते. त्या वेळात यायचं आणि खरं बोलायचं.” दवाखान्याचा इतिहास सांगा, असं आता कुणी पाहुणे विचारतात तेव्हा मी हेच वाक्य सांगतो. ते टिपून घ्यायला वही उघडतात आणि मग थांबतात, कारण त्यांना काहीतरी मोठं हवं असतं. एवढंच होतं. गुरुवारी दुपारी यायचं आणि खरं बोलायचं.

अक्का आल्या तो गुरुवार मात्र वेगळा होता. अक्का म्हणजे आपल्या गावातल्या तृतीयपंथी मंडळींच्या घरातल्या थोरल्या. पायाला जखम झाली होती आणि ती बरेच दिवस चिघळत ठेवली होती. दोन चेल्यांचा आधार घेऊन त्या पायरीशीच थांबल्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, “आमी आठेच बसतस. लोके उठी जातस मंग.” म्हणजे आम्ही आत बसलो की लोक उठून जातात. तुम्ही स्वतः बाहेर आलात आणि विचारलंत, केसपेपरवर नाव काय लिहू. अक्कांनी जुनं, आईबापांनी ठेवलेलं पुरुषाचं नाव सांगितलं. “हे नाही. घरी काय म्हणतात ते सांगा.” अक्कांनी सांगितलं. तुम्ही ते लिहिलंत आणि कंपाउंडरला बजावलंत, की नंबर आला की याच नावानं हाक मारायची, आणि नावापुढे बाई लावायचं. कंपाउंडर बिचारा जुना माणूस, त्यानं नुसता नंबर पुकारला. शेवटी तुम्हीच आतून हाक मारलीत, अशी खणखणीत की समोरच्या सोनाराच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. अक्का उठल्या, पदर नीट केला आणि लंगडत आत गेल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. जखमेला औषध लागायच्या आधीच बरं वाटल्यासारखा होता तो.

बाकावर तेव्हा डाळमिलवाले शेठ बसले होते. त्यांना जुनं गजकर्ण होतं आणि दर आठवड्याला ते येत. ते उठून तुमच्या टेबलाशी गेले. “मॅडम, असे लोक येणार असतील तर आम्हाला यायला जड जाईल.” तुम्ही वर न बघता पट्टी गुंडाळत म्हणालात, “शेठ, गुरुवारी जड जात असेल तर शुक्रवारी या. खाज तोवर कुठे जात नाही.” अक्कांना इतकं हसू आलं की पाय हलला, आणि तुम्ही त्यांनाही रागावलात. शेठ शुक्रवारी आले. तुमच्यासारखा हात गावात दुसरा नव्हता, ते तरी काय करणार.

मग ओपीडी संपल्यावर तुमच्या स्वयंपाकघरात जमायची सवय लागली. अक्का पायाला बँडेज बांधून तुमच्या ओट्यापाशी उभ्या, शेवभाजीला फोडणी देताहेत. तुम्ही खोकत खोकत खिडकी उघडताय, “अगं बाई, माणसं मारायची आहेत का?” म्हणताय. तिखट तुम्हाला शेवटपर्यंत झेपलं नाही. ताटात दही घेऊन, नाक पुसत तुम्ही जेवायचात आणि आमच्याकडून सगळं काढून घ्यायचात. कोण पैसे साठवून कुठल्याशा भोंदूकडून इंजेक्शनं घेतंय, कुणाचं घरचे जबरदस्तीनं लग्न लावताहेत, कोण सिव्हिलमध्ये एचआयव्हीच्या गोळ्या आणायला एकटं जायला घाबरतंय. जेवण झालं की तुम्ही कामं वाटून द्यायचात. माझ्या वाट्याला सोबत जायचं काम आलं. सोबत जाता जाता मी समुपदेशक झालो, कारखाना सोडला, पुढे रीतसर शिकलो. परीक्षेची फी मात्र मीच भरावी असा तुमचा हट्ट होता, फुकटचं शिक्षण अंगी लागत नाही म्हणून.

आणि तो दिवस. मी त्याला पहिल्यांदा तुमच्याकडे जेवायला आणलं. हा शाळेत गणित शिकवतो, आम्ही एका घरात राहायला लागलोय, एवढं चाचरत सांगितलं. तुम्ही नुसतं त्याच्या ताटात दही वाढलंत, मला वाटलं आवडलं नाही. निघताना तुम्ही आतून मोठं खोकं आणलंत आणि त्याच्या हातात दिलंत. कुकर होता. “दोघं जण जेवता ना? मग हा लागतो. शिट्ट्या मोज, तू गणितवाला आहेस.” रिक्षात तो खोकं मांडीवर घेऊन बसला होता. आमच्या लग्नाचा आहेर तेवढाच आला, आणि कमी पडला असं कधी वाटलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा दवाखान्यात एवढी माणसं आली की तुमच्या मुलाला कळेचना हे सगळे कोण. तो चांगला आहे, मॅडम. पण त्याचं सगळं पुण्यात, दवाखाना असलेलं घर ठेवून तो काय करणार. विकायला दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला आणि थांबला. तोवर आम्ही जळगावभर खोल्या शोधल्या. कशासाठी हव्यात सांगितलं की मालकांच्या खोल्यांना अचानक भाडेकरू मिळालेले असायचे. तुमच्याकडे शिकून गेलेली डॉक्टर मुलगी गुरुवारी यायला तयार होती, औषधं होती, माणसं होती, फक्त जागा नव्हती. मला वाटलं, संपलं.

त्याच सुमारास शेठच्या घरी नात झाली. अक्का आपल्या मंडळींना घेऊन ढोलकी वाजवत आशीर्वाद द्यायला गेल्या, आणि मलाही बरोबर नेलं. शेठ दारातच म्हणाले, “अहो, मुलगी झालीये.” अक्का म्हणाल्या, “पोऱ्या काय न् पोर काय, आमले दोन्ही सारखाच.” आतून शेठाणी हसत आल्या आणि बाळ अक्कांच्या मांडीवर दिलं. गाणं झालं, ओवाळणं झालं. शेठनी पाकीट पुढं केलं तर अक्कांनी हात मागे घेतला. “आमले साडी नको, पैसा नको. तुमन्या दुकानवरल्या दोन खोल्या रिकाम्या शेतस. त्या भाडाले द्या, दवाखानाले.” शेठचा चेहरा पडला. ते म्हणाले, खाली गिऱ्हाईक येतं, लोक काय म्हणतील. मी मान खाली घातली. तेवढ्यात शेठाणी म्हणाल्या, “तुमची खाज ज्या दवाखान्यात गेली तोच ना तो? मग लोकांनी तेव्हा काय म्हटलं?” बाळ अक्कांची बांगडी धरून बसलं होतं, सोडेना. शेवटी शेठ म्हणाले, “भाडं वेळेवर लागेल.” अक्का म्हणाल्या, “आमी कोठे फुकट मांगी राह्यनूत?”

तिथंच आपण अजून आहोत. आता गुरुवारबरोबर सोमवारही असतो. रक्ततपासणी तिथंच होते, हार्मोनचं मार्गदर्शन त्याचे डॉक्टर येऊन करतात, आणि मनाचं बोलायला मी असतो. अक्का दारात खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येकाला, काय नावानं हाक मारायची, हे त्याच विचारतात. शेठ कधीमधी वर येतात, रक्तदाब बघून घेतात. रांगेत बसतात.

तर परवाचं. देवपूरला आम्ही भरीत-पुरी ठेवली होती. माझा गणितवाला शाळा सुटल्यावर जळगावहून येणार होता. माझी आई पारोळ्याहून आली. मी दवाखान्यात काम करतो एवढंच तिला सांगितलेलं. ती दिवसभर एका कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघत होती, अक्कांशी वांग्यांच्या भावावर बोलत होती. मी तिच्या बाजूला जायचं टाळत होतो. संध्याकाळी मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. ती म्हणाली, “बठ्ठा चांगला लोके शेतस रे.” म्हणजे सगळी चांगली माणसं आहेत. मग इकडेतिकडे पाहून म्हणाली, “तुना तो कोठे गया? दिसी नही राह्यना.”

मॅडम, घरी कसं सांगायचं हे मी कितीतरी जणांना शिकवलंय, त्यांच्याबरोबर त्यांच्या आयांसमोर बसलोय. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, “कोण?”

तिनं पुऱ्यांच्या डब्याकडे बोट केलं. “त्याना करता पुऱ्या ठेव,” म्हणाली, “सरी जातीन.” म्हणजे नाहीतर संपून जातील.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. आईला मी अजून तोंडानं काहीच सांगितलेलं नाही. पुऱ्या मात्र उठून झाकून ठेवल्या.