टाळ्यांनंतरचं शेपूट

प्रिय तिलेन,

रविवारी तू बाबाच्या जुन्या व्हिडिओंना कात्री लावणार आणि मूळ फाइली पुसून टाकणार, म्हणून हे घाईघाईने लिहितेय. त्यातल्या फक्त एका व्हिडिओला हात लावू नकोस. फोनवर आपली गाडी भांडणावरच जाते आणि भांडायला आता माझ्यात त्राण नाही.

तुझं म्हणणं मला कळतं. इथल्या तांत्रिक शाळेतली प्रत्येक कार्यशाळा तुझ्या बाबाने चित्रित केली, फुकटात, आपल्या सुट्ट्या घालवून. आणि प्रत्येक व्हिडिओला शेवटी हे एवढं लांब शेपूट! खुर्च्या सरकताहेत, कुणी डगला शोधतंय, कुणी बुरेक खाऊन उरलेल्या तेलकट कागदाचा बोळा करतंय. टाळ्या वाजल्या की लोक व्हिडिओ बंद करतात, हे कोण बघणार आई, असं तू विचारलंस. कोणी नाही बघत, बाळा.

पण त्याचा हट्टच होता तसा. शेवटचा माणूस दाराबाहेर पडेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही. चारचौघांत तोंड उघडायला लाजणारे टाळ्यांनंतर वक्त्याला कोपऱ्यात गाठतात आणि खरा प्रश्न तेव्हा विचारतात, असं त्याचं मत. मी वायरींची भेंडोळी घेऊन ताटकळायची, पोटात कावळे ओरडायचे. विंको, आता काय भिंती बोलणार आहेत का, म्हणून मी करवादायची. तर हा म्हणायचा, थांब गं, तो टोपीवाला अजून घुटमळतोय. असा राग यायचा!

तू दिलेलं, व्हिडिओतलं बोलणं ऐकून खाली उपशीर्षकं टाकायचं काम चालू आहे. मान आखडते, डोळे चुरचुरतात. इथे मारिबोरमध्ये आठवडाभर धुकं आहे, त्यामुळे बाहेरही पडवत नाही. बाबा गेल्यापासून घर फार गप्प झालंय.

आता खरं सांगते. पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीची कार्यशाळा त्याने चित्रित केलेली शेवटची. तिच्या शेपटात सगळे गेलेत, पडद्यावर नुसता फळा दिसतो. वक्त्याचा माइक काढून त्याने स्वतःच्या सदऱ्याला अडकवला होता आणि बंद करायला विसरला होता. तो कानाशी बोलल्यासारखा ऐकू येतो: “ब्रेडा, दमलीस ना? बस तू जरा. बाकीचं मी आवरतो.” जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिला, त्याचा आवाज असा दुसरीकडे कुठेच नाही रे. बाकीची शेपटं खुशाल काप. एवढं एक राहू दे. रोज संध्याकाळी कामं अर्धी टाकून मी ते लावते, आणि तो सांगतो तशी बसते.

तुझीच,
आई