चाचा, पाणी प्यायला जायचंय

चाचा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी जुन्नरात तुमच्या कागदाच्या कारखान्यापाशी आलो की माझे पाय मंदावतात. आता तिथे कुणी कागद करत नाही. पण मला तुम्ही दिसता, हौदाशी वाकलेले, कोपरापर्यंत लगद्यात बुडालेले, आणि शेजारी मी, राजुरीहून काम शिकायला आलेला, लग्न झालेला बाप्या. त्या सकाळी माझ्या हातून एकही ताव धड निघत नव्हता. तुम्ही रागावलात, लक्ष कुठे आहे म्हणून विचारलंत. मी थाप मारणार होतो आणि का कोण जाणे, खरं सांगून बसलो. मला बाईचा नाद लागला होता. जाणार नाही अशी शपथ घ्यायचो आणि त्याच संध्याकाळी बाजारामागच्या गल्लीत शिरायचो. मजा केव्हाच संपली होती. जाताना घाई आणि येताना स्वतःची शिसारी, एवढंच उरलं होतं. बायको निमगाव सावाला माहेरी निघून गेली होती. वाटलं, आता कामही गेलं. तुम्ही हात झटकलेत आणि म्हणालात, "सोडायचंय का?"

"सोडायचंय, पर सुटत न्हाई."

"मग एकट्यानं कशाला झटतुयास? आमी हाय की."

आधी तुम्ही मला हकिमाकडे नेलंत. त्याच्या कडू काढ्याने माझी भूक तेवढी वाढली, दुपारची भाकरी पुरेना. मग तुम्हीच युक्ती काढलीत. मनाने ओढ घेतली की मी म्हणायचं, "चाचा, पाणी प्यायला जायचंय," आणि तुम्ही हातातला साचा ठेवून माझ्याबरोबर कुकडी नदीवर यायचं. तिथे तुम्ही उपदेश कधी केला नाहीत. तुमच्या सासऱ्याच्या अडेल घोड्याच्या गोष्टी सांगायचात, मी हसायचो, आणि ती ओढ हळूहळू ओसरायची. बाकीच्या कारागिरांना कोडं पडलेलं, एवढी तहान लागते तरी कशी या माणसाला! एकाने तर मला मोठ्या काळजीने मडकं आणून दिलं.

तरी एका बाजाराच्या दिवशी घसरलोच. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून तुमच्यापुढे उभा राहिलो. तुम्ही हातातला साचा खाली ठेवलात. मग म्हणालात, "सांगाया आलास न्हवं? पयलं लपवत व्हतास. चल, लगदा ढवळ." त्या दिवसाइतकं मन लावून मी कधी काम केलं नसेल.

पावसाळा सरल्यावर तुम्ही मला निमगाव सावाला घेऊन गेलात. तुम्ही ओट्यावर माझ्या सासऱ्यांशी कांद्याच्या रोपांबद्दल बोलत बसलात आणि मी गोठ्यात बायकोसमोर उभा. सगळं सांगितलं. ती म्हशीला वैरण घालत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं व्हतं. तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं." लगेच आली नाही ती. सुगी उरकून आली, आणि बाजाराला आपण दोघांनी जायचं, ही अट घालून आली. तेव्हापासून बाजारात पुढे ती आणि मागे पाटी घेऊन मी. तुम्ही वाटेत भेटलात की विचारायचात, "काय राव, हमाली बरी चाललीय ना?" ती पदराआड हसायची. आता आम्हाला नातवंडं आहेत, आणि बाजारात पुढे अजून तीच असते.

हे पत्र कुठे धाडणार, चाचा? लिहून झालं की घडी घालून ठेवीन. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. मागच्या महिन्यात गावातला एक चांगला मानाचा गृहस्थ माझ्याकडे आला. बराच वेळ पिकापाण्याचं बोलला आणि मग एकदम रडायलाच लागला. त्यालाही तोच नाद. मी विचारलं, "सोडायचंय का?" पुढचंही सगळं तुमचंच बोललो, अगदी शब्दाला शब्द. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, तुमच्याइतका शहाणा माणूस मी पाहिला नाही.

ते शब्द तुमचे, हे मी त्याला सांगितलं नाही, चाचा. बरं वाटलं ऐकायला.