अंगुस्तानाच्या बोटाची भरपाई

चि. भाचेबुवांस, मामाचा आठ बोटांनी आशीर्वाद. (उरलेली दोन का नाहीत, ते पुढे येईलच.) तुझी पाठ कशी आहे? मशीनवर ताठ बसत जा, हे वीस वर्षं सांगतोय आणि तू ऐकत नाहीस.

माझं करंगळीशेजारचं बोट अडकायचं, म्हणून ऑपरेशनला गेलो. डॉक्टरांनी ते सोडून शेजारचं चांगलं, मधलं, सुई ढकलताना टोचू नये म्हणून अंगुस्तान घालायचं बोट चिरलं. आता अडकणारं अडकतंच आणि मधलं खुंटीसारखं ताठ. काजं करता येत नाहीत. दावा ठोकला. वाटलं, बोट गेलं, बोटाचे पैसे द्या, संपलं. पण भरपाई बेतायची तऱ्हाच निराळी. आधी वर्षाची कमाई धरायची, कमाईची जितकी वर्षं उरली त्यांनी गुणायची, मग अपंगत्वाचे टक्के लावायचे. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, तक्त्याप्रमाणे तुमचं बोट म्हणजे सबंध माणसाचे चार टक्के. मी विचारलं, आणि सबंध शिंप्याचे किती? (हा मुद्दा त्यांनी लिहून घेतला. घेतला नसता तर मी उठलोच नसतो.) उरलेली वर्षं धरली पाच, कारण माझं वय अडुसष्ट. माझा बाप ब्याऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवत होता, तोही चष्म्याशिवाय! समोरच्या वकिलाने तर कमाईच पुसून टाकली. मी पावत्या देत नाही, म्हणून कमाई शून्य. भर सुनावणीत उठलो आणि त्याच्याच अंगावरच्या कोटाचं अस्तर उलटून माझे टाके दाखवले. न्यायाधीशसाहेबांनी मला दटावून बसवलं, पण कमाई धरायला लावली.

आता तडजोडीच्या गोष्टी चालल्यात. मी सही करणार नाही. त्या बोटाच्या जिवावर मी तुझ्या आईचं लग्न लावून दिलं. ते चार टक्क्यांत जाऊ देणार नाही.

तुझा मामा

ता. क. एक सांगायचं राहिलं. त्या मधल्या बोटावर खडूची फुली होती आणि ती मीच ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मारली होती. आपल्या दुकानात फुली म्हणजे इथे कात्री लावायची नाही. नर्सबाईंनी उलटं घेतलं आणि कागदावर तेच बोट लिहिलं. (विचारायला काय झालं होतं?) समोरचे म्हणतात, निम्मी चूक तुमची, भरपाई निम्मी करा. तेव्हा सोमवारी येऊन साक्ष दे, की आपल्याकडे फुलीचा अर्थ हाच.

पुन्हा ता. क. तू शिकाऊ असताना गिऱ्हाइकाच्या कोटावर नेमकी फुलीवरच कात्री चालवलीस, ते आपणहून सांगू नकोस. तेव्हा तू रडत म्हणाला होतास, "मामा, फुलीचा अर्थ आधी सांगायचा ना!" मी सगळं नुकसान तुझ्या पगारातून कापलं. निम्मी चूक माझी होती. हे फक्त तुला कबूल. साहेबांसमोर मी एक टक्काही सोडणार नाही.