तेलविहिरीचे निरोप गच्चीवर

कोथरूड, पुणे
२६ एप्रिल

चि. सुखदेव यास,
सप्रेम जयभीम.

पत्राचे कारण आधी सांगते, म्हणजे तुला अर्धे पान चाचपडत बसावे लागणार नाही. तुझ्या आणि तुझ्या मुलाच्या मध्ये निरोप्या म्हणून जे काम डिसेंबरपासून माझ्या गळ्यात पडले आहे, त्याचा मी आज राजीनामा देत आहे. इथे सर्व क्षेम. तुझा गुडघा कसा आहे? (पद्धत आहे म्हणून विचारले. खरी बातमी मला शालूकडून रोज मिळते. तुझी बायको असूनही ती खरे बोलते.)

झाले काय, ते एकदा नीट मांडते, कारण तुम्ही दोघेही ते आपापल्या सोयीने सांगता. तू उभा जन्म समुद्रातल्या तेलविहिरींवर काढलास. निवृत्त होऊन कराडला घर बांधलेस आणि धम्मदीपसाठी आखातात तेलातलीच नोकरी बघून ठेवलीस. त्याने ती न घेता हिंजवडीच्या एका कंपनीत गच्च्यांवर सौर पॅनेल बसवण्याचे काम धरले. तू म्हणालास, ‘तेलावर वाढलास आणि तेलालाच नावं ठेवतोस? मग या घरात यायचं कारण नाही.’ तो म्हणाला, ‘बरं.’ आणि बॅग घेऊन माझ्याकडे आला. एवढ्या कमी शब्दांत इतके मोठे नुकसान करणारी माणसे आपल्याच घराण्यात आहेत.

तेव्हापासून तू मला पहाटे मोबाइलवर आलेख पाठवतोस: जग पूर्वीपेक्षा जास्त तेल जाळते आहे, गॅसचे उत्पादनही चढतेच आहे. खाली ‘त्याला दाखव’. तो संध्याकाळी कंपनीच्या बसमधून भरीत होऊन घरी येतो आणि दुसरा आलेख पाठवतो: सौर वीज किती झपाट्याने वाढते आहे. खाली ‘बाबांना दाखव’. मी दोन्ही वाचले. (मी अर्थशास्त्रात बी.ए. आहे, आणि तेव्हा बी.ए.ला शिकवत असत.) दोघांचेही बरोबर आहे. हाच खरा वैताग. एक जण चुकत असता तर त्याला मी केव्हाच गप्प केले असते. जगाची भूकच अशी वाढली आहे की नवे ताट मांडले तरी जुने कोणी उचलत नाही. आपल्याच घरात बघ ना. चुलीनंतर स्टो आला, स्टोनंतर सिलिंडर, आता पाइपचा गॅस आहे, ओट्यावर विजेची शेगडी आहे आणि स्टो अजून माळ्यावर आहे. टाकते म्हटले की तूच म्हणतोस, ‘राहू दे अक्का, लागेल.’ राहू दिला आहे. पण त्यावर भाकरी कोणी करत नाही, हेही तुझ्या लक्षात आले असेल.

आता गच्चीचे. पॅनेल आमच्याच सोसायटीवर बसवायचे ठरले. मी अध्यक्ष असल्याने बैठक वेळेत संपली. ‘ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करावा,’ असे म्हणून मी सगळ्यांकडे बघत राहिले. कोणी केला नाही. चूक एवढीच झाली की दुसऱ्या मजल्यावरच्या गोदाबाई बैठकीला नव्हत्या. त्या गव्हाचा चीक ढवळत होत्या. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर वाळवणाचे वार ठरलेले असतात, आणि अर्ध्या इमारतीच्या कुरडया गोदाबाई घालतात. धम्मदीप नेमका त्यांच्या वाराला मोजपट्टी घेऊन वर गेला. त्या म्हणाल्या, ‘ऊन काय तुझ्या आत्याच्या नावावर केलंय का रे?’ हा (तुझाच मुलगा) त्यांना जगाचा ऊर्जावापर समजावू लागला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘बाळा, माझ्या कुरडया पण सौरऊर्जेवरच वाळतात. तू जन्मायच्या आधीपासून.’ त्यावर आलेख शोधायचे सोडून त्याने मोजपट्टी उंचीला लावली. शेवटी कुरडयांना मोकळी गच्ची राहावी म्हणून पॅनेल उंच लोखंडी पायांवर चढवायचे ठरले.

हे मी तुला फोनवर बोलून गेले आणि माझे हाल सुरू झाले. तुझा लगेच फोन: ‘त्या गाढवाला विचार, एवढ्या उंचीवर वाऱ्याचा जोर किती धरलाय? आणि मी विचारलं म्हणून सांगू नकोस.’ मी त्यातले गाढव वगळले, तुला वगळले. उरला तो प्रश्न, जिने जन्मात पाना हातात धरला नाही अशा बाईचा. त्याने उत्तर दिले आणि वर म्हणाला, ‘आत्या, समुद्रावर लोखंड गंजू नये म्हणून काय लावतात, ते बाबांना विचार ना. पण मी विचारलं म्हणून सांगू नको.’ महिनाभर मी दोन्हीकडे स्वतःच्या नावावर प्रश्न विचारत राहिले. परिणाम असा की मला लोखंडातले कळते, अशी ख्याती पसरली आणि शेजारच्या सोसायटीने मला ‘गंज व उपाय’ या विषयावर बोलायला बोलावले. (बोलले. चांगले झाले. शंका विचारू दिल्या नाहीत.)

पॅनेल वर चढले आणि गुरुवारी दुपारी वळीव आला. काय वारा होता! बातम्यांत बघून तुझा फोन आला तेव्हा तू ओरडत होतास, ‘अक्का, प्रत्येक पायाला तिरका टेकू आहे का बघ! नसेल तर दोर बांध!’ मी या वयात चार मजले जिना चढून गेले. वर धम्मदीप नखशिखान्त भिजून एकेक नट हाताने तपासत होता. प्रत्येक पायाला तिरका टेकू होता. मी विचारले, ‘हे तुला कोणी सांगितलं?’ तो म्हणाला, ‘कोणी कशाला सांगायला पाहिजे? बाबा सुट्टीवर आले की झोपताना हेच सांगायचे. राजा-राणीच्या गोष्टी आम्हाला कुठे माहीत होत्या?’ आणि पुढच्या नटाकडे वळत म्हणाला, ‘हे त्यांना सांगू नको.’

वाऱ्याने गोदाबाईंचे प्लॅस्टिक शेजारच्या इमारतीवर नेले, एका बिऱ्हाडाची छत्री नेली, पण पॅनेल तसूभर हलले नाही. मी तुला फोनवर म्हटले, ‘सगळं उभं आहे.’ तू नुसते ‘हं’ म्हणालास आणि फोन ठेवला नाहीस. बराच वेळ तू नाक ओढत होतास. (सर्दी असेल. कराडला एप्रिलमध्ये सर्दी होत असावी.)

आता दिवसा आमचा पाण्याचा पंप आणि लिफ्ट उन्हावर चालतात. गोदाबाई कारण नसताना लिफ्टने वर-खाली करतात आणि ‘आमच्या उन्हाची आहे’ असे पाहुण्यांना सांगतात. थोडक्यात, जगाचे बरे चालले आहे. तुमचे दोघांचे तेवढे अडले आहे, आणि त्यात माझी आता गरज नाही. राजीनामा पक्का समजावा.

शालूला आशीर्वाद.

तुझी,
अक्का

ता. क. : ‘सांगू नकोस’ म्हणून दोघांनी सांगितलेले सगळे वर लिहिले आहे. निरोप्याने राजीनामा दिला की शपथा सुटतात.

ता. क. : हे पत्र टपालाने पाठवलेले नाही. धम्मदीपला म्हटले, महत्त्वाचा कागद आहे, बाबांच्या हातात दे आणि वाचून होईपर्यंत दारात उभा राहा. तो अजून उभाच असेल. त्याच्याशी काय बोलावे हे सुचत नसेल तर वाऱ्याचे विचार, पण या वेळी स्वतःच्या नावावर विचार. त्याच्या परतीच्या बसचे मी बघितलेले नाही.

सुपूर्द केल्याची नोंद : मुलगा, नग एक. देणार : अक्का, स्वारगेट स्थानकात बसमध्ये बसवून. घेणार : सुखदेव. माल उन्हाने काळवंडला आहे, बाकी शाबूत. सकाळपासून मुद्दाम उपाशी ठेवला आहे.