यादीतून गळालेली पानं

मल्लेश्वरम, बेंगळुरू
१४ सप्टेंबर १९९९

प्रिय प्रांजली,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकली असशील. घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत, माझ्या नवरोबाचा, उपेंद्रचा, खोकला सोडला तर. ऑफिसात आम्हा सगळ्यांना मिळून एकच ईमेलचा पत्ता आहे, आणि आमचे गुरुप्रसाद सर आलेलं-गेलेलं सगळं वाचतात, म्हणून हा हातानं लिहिण्याचा खटाटोप. शनिवारपासून तीन कागद फाडून झाले. हा चौथा.

तुझं मागचं पत्र मी पर्समध्ये घेऊन फिरतेय. तुझ्या निधीबद्दल तू इंटरनेटवर जी पानं लिहिलीस, ऐकू न येणारं मूल घरात असलं की आईनं रोज काय काय करायचं ती, ती वाचून आठवड्याला पाच-सहा आयांची पत्रं यायची. जूनपासून ती एकदम थांबली. आपलंच काहीतरी चुकलं असेल, आता कुणाला गरज नसेल, दिवाळीनंतर पानं काढूनच टाकते, असं तू लिहिलंस. प्रांजली, काढू नकोस. तुझं काहीही चुकलेलं नाही. हे मी इतक्या खात्रीनं कसं म्हणते ते सांगणार आहे, पण मला थोडी उसंत दे. आधी इकडचं ऐक.

आमचं ऑफिस म्हणजे कापडदुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही लोकांना वेबसाइटी करून देतो. एप्रिलमध्ये त्रिविक्रम नावाच्या गृहस्थांची केली, कानाची मशिनं विकतात ते. तुला माहीतच आहे, इंटरनेटवर कुणालाही काही शोधायचं असलं की ते शोधयंत्रात चार शब्द टाकतात आणि ते यादी देतं. त्या यादीत आमचे त्रिविक्रम महिनाभर सगळ्यात वर होते. सरांनी खूश होऊन सगळ्यांना चिरोटे खाऊ घातले. मग जूनच्या सुरुवातीला एके सकाळी ते यादीत नव्हतेच. खाली घसरले नव्हते, साफ गेले होते. सरांनी त्या शोधयंत्रवाल्यांच्या मागे लागून उत्तर मिळवलं, ते असं: एकच मजकूर तुम्ही चार वेगवेगळ्या पत्त्यांवर टाकलात, वर पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शेकडो शब्द भरलेत, माणसाला दिसू नयेत आणि यंत्रानं मात्र वाचावेत म्हणून. ही लबाडी आहे, तेव्हा हा मजकूर जिथे जिथे आहे ती सगळी पानं आम्ही शिक्षा म्हणून उडवली आहेत. सरांनी खांदे उडवले आणि दुसरा मजकूर शोधा म्हणाले. मी मात्र तेव्हापासून रोज ऑफिसात गेल्या गेल्या, चहाच्या आधी, तेच चार शब्द टाकून बघते. त्रिविक्रमांची मला काडीचीही काळजी नाही.

पांढऱ्या अक्षरांची युक्ती सरांची, पण मजकूर आणायचं काम माझं होतं. त्रिविक्रमांकडे एक दरपत्रक आणि स्वतःचा फोटो, एवढंच होतं. सरांना आठवड्यात डझनभर पानं हवी होती. कुठून आणू म्हटलं तर हसले. इंटरनेटवर सगळं उघडंच पडलंय की, स्वल्प बदला, साकु. म्हणजे थोडं बदललं की पुरे. इथे सगळे तेच करतात. आणि मी तर त्यात मुरलेली. कॉलेजात तीन वर्षं तुझं फिजिक्सचं जर्नल उतरवून काढलं. कुठलं रीडिंग किती बदललं म्हणजे मॅडमना संशय येणार नाही, हे तूच शिकवलंस. शेवटच्या वर्षी तर मी न मागताच तू ते माझ्या टेबलावर ठेवून जायचीस. तुझ्या वहीतून घेणं मला कधी चोरी वाटलंच नाही. हे लिहिताना मी तुझ्यावरच ढकलतेय असं वाटतंय. तसं नाही गं. मी भेकड आहे, एवढंच.

ती पानं तुझी होती, प्रांजली. अकराच्या अकरा. निधीची मी मुग्धा केली आणि नागपूरचं म्हैसूर. कुकरची शिट्टी कळावी म्हणून तू तिचा तळवा ओट्यावर टेकवून धरायचीस, ते तेवढं बदलवेना, तसंच ठेवलं. तुला सांगेन आणि दोघी हसू, असं म्हणत म्हणत राहिलं. अस्सल कुठलं आणि उतरवलेलं कुठलं हे त्या यंत्राला कळत नाही. आमच्याबरोबर तुझीही पानं उडाली. आया तुला शोधत असतील, त्यांना तू सापडत नाहीस. तरीही मी गप्प बसले असते. पण गुरुवारी व्हाइटफील्डहून चंपा नावाच्या बाईंचा फोन आला. मे महिन्यात त्यांनी आमचं पान छापून घेतलं होतं, खाली ऑफिसचा नंबर होता. मुलगी दीड वर्षाची आहे. त्यांना मुग्धाच्या आईशी बोलायचं होतं. सरांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि डोळ्यांनी खुणावलं. मी म्हटलं, मीच बोलतेय. ओटा, तळवा, शिट्टी, सगळं सांगितलं, जणू मीच केलं होतं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही किती दिवस रडत होतात? ते तुझ्या पानांत नव्हतं. मला मूल नाही, मला काय ठाऊक? मी म्हटलं, आठ दिवस. त्या म्हणाल्या, मला पाच महिने झाले, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट असेल. आणि फोन ठेवला. मूळ लेखिकेनं स्वतः तक्रार केली आणि उचलणाऱ्याचं नाव दिलं, तरच तुझी पानं परत यादीत घेऊ, असं शोधयंत्रवाल्यांनी मला कळवलंय. तक्रार इंग्रजीत टाइप करून सोबत ठेवलीय. माझं नाव, कंपनीचं नाव, तारखा, खाली माझी सही. तू तुझी सही कर आणि पाठव. नोकरी जाईल, जाऊ दे, माझी कीव करू नकोस. चंपाबाईंचा नंबर त्याच कागदाच्या मागे आहे. सही राहू दे, आधी त्यांना फोन कर, आणि तुला किती दिवस लागले ते खरं सांग.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला नसला तरी तुझीच,
अलका