खंडेनवमीचा नारळ

कागल,
घटस्थापनेचा दुसरा दिवस, सप्टेंबर २००९

प्रिय रत्ना,

गुंडूकडून तुझा निरोप पोचला. "म्याडम म्हणाल्यात, खंडेनवमीला येणार हाय, दरवर्षासारखं." गुंडू तुमच्या कंपनीचा वायरमन. त्याला निरोपापलीकडचं काही ठाऊक नाही, म्हणून त्याला चहा पाजला आणि बरं म्हटलं. मला फोनही करता आला असता. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि तू बोलायला लागलीस की मला तुझं पटतं. नेसरीच्या शाळेपासून हे असंच चाललंय. म्हणून कागद घेतला. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

आधी खुशाली. आमच्या ह्यांची पाठ आता बरी आहे, कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत मलमाची डबी संपवायचीच असा पण केल्यासारखे दिवसभर चोळून घेतात. आपल्या शेडमधल्या आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन एकदाचं झालं. आता तिला केसाएवढी तार दिसते आणि ती भरायला ट्यूबलाइटचा चोक नाही. काम बंद पडून दोन-अडीच महिने झाले तरी तिघी-चौघी सकाळी येतात, शेड झाडतात, शेंगा फोडत बसतात आणि जेवायच्या वेळेला घरी जातात. मी काही म्हणत नाही. पंधरा वर्षांची सवय आहे, ती माझ्या सांगण्यानं जायची नाही.

ती सवय तूच लावलीस. आठवतं का तुला? तू तेव्हा कंपनीत स्टोअरला नुकती लागली होतीस. एका रविवारी डब्याच्या फडक्यात गुंडाळून एक जळालेला चोक घेऊन आलीस आणि माझ्या चुलीपुढं ठेवलास. मला वाटलं, खायचं काही आणलंय. "येवढ्या ढेकळासाठी पुण्यासनं माल येतोय, शाले. ह्यो असल्याबिगर ट्यूब पेटत न्हाय. हे तू करशील की." आपण दोघींनी तो विळीनं उघडला. आत तांब्याची तार आणि लोखंडाच्या पट्ट्या. तार उलगडताना तुझं बोट चिरलं, ती खूण अजून आहे तुझ्या बोटावर. मी हळद दाबली आणि तू दुसऱ्या हातानं वेढे मोजत राहिलीस. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "बायकांनी आता इजेचं बी शिवणकाम काढलं व्हय!" पण वर्षाच्या आत तुमच्या सगळ्या ऑफिसांच्या ट्यूबा आमच्या चोकवर जळत होत्या. प्रत्येक चोकला आम्ही लाल दोऱ्याची गाठ मारायचो, आपला माल ओळखू यावा म्हणून. चांगला भरलेला चोक हळू घुमतो आणि सैल असला की भुंगा कोंडल्यासारखा ओरडतो. आक्का नुसत्या कानानं सांगायची, हा पाठवा, तो परत खोला.

तू पुढं शिकलीस, चढत गेलीस, सगळ्या इमारतींचा कारभार तुझ्याकडं आला. आम्हाला केवढा अभिमान. खंडेनवमीला मशिनांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या की नारळ तुझ्याच हातून फुटायचा, कारण ही भाकरी तू दाखवलीस. आमच्याकडं त्या दिवशी मटण असतं आणि तुम्हा लिंगायतांना ते चालत नाही, म्हणून शेडमधली आपली धोंडुबाई आदल्या दिवशीच एक पातेलं राखेनं घासून वेगळं ठेवते आणि त्यात तुझ्यासाठी गव्हाची गोड हुग्गी शिजवते. तुझ्या आईकडनंच शिकली ती. पहिल्या वर्षी गूळ इतका घातला होता की तुझे दात शिवशिवले, तरी तू दोनदा मागून घेतलीस. त्या दिवसापासून धोंडुबाईच्या लेखी तुझ्यावर कुणी नाही.

आता गेल्या वर्षाचं बोलते. पावसाळ्यात मी तुझ्या केबिनमध्ये आले होते. मला तारेचे वेढे घालणारं, विजेवर चालणारं मोठं वाइंडिंगचं मशीन घ्यायचं होतं आणि जीव घाबरत होता. घरामागचा गोठा मोडून तिथं शेड बांधायची, म्हणजे म्हशी विकायच्या. तुला सरळ विचारलं, घेऊ का नको? तू चहा मागवलास आणि म्हणालीस, "घे की. कंपनी काय उठून जाणार हाय का कुठं?" तिथं बसल्यावर मला बरं वाटलं होतं. किती शांत खोली आहे हिची, असं मनात आलं होतं. म्हशी मी त्याच महिन्यात विकल्या.

नंतर धोंडुबाईचं. अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती, आणि तिचं नाव जवळजवळ ठरलं होतं. गावातली नोकरी, घराजवळ, आणि घरात कमावणारी ती एकटी. तिनं मला विचारलं नाही, तुला विचारलं. खंडेनवमीलाच, नवीन मशिनापुढं, तुला हुग्गी वाढता वाढता. तू म्हणालीस, "इथलं काम सोडून पोरांची नाकं पुसायला जातीस व्हय? हितं तुला काय कमी पडणार न्हाय." बायका हसल्या, धोंडुबाई सगळ्यांत जास्त हसली. दुसऱ्या दिवशी तिनं जागा नको म्हणून सांगितलं. ती शेजारच्या गल्लीतल्या एका पोरीला मिळाली. आता ती पोरगी रोज सकाळी आमच्या शेडवरून जाते आणि धोंडुबाई तिला, जेवलीस का बाई, म्हणून विचारते.

यंदा उन्हाळ्यात तुमच्याकडं एलईडीचे दिवे आले. एकेक इमारत करत सगळ्या ट्यूबा उतरल्या. नव्या दिव्याला चोक लागत नाही, म्हणजे आम्ही लागत नाही. त्या दिव्यांवर माझा राग नाही, खरंच सांगते. कमी विजेत लख्ख उजेड पडतो, डोळ्यांना त्रास नाही, वर्षानुवर्षं जातही नाहीत म्हणतात. तुझ्या जागी मी असते तरी तेच बसवले असते. आमचे चोक भंगारात गेले. बाजारात भंगारवाल्याच्या दारात ढीग पडला होता, त्यात लाल दोरे दिसले. मी तिथं थांबले नाही.

तू मात्र आलीस. शेडमध्ये जमिनीवर बसलीस, आमच्याबरोबर रडलीस. "वरनं ठरलं गं. मला बी आत्ताच कळलं. माझ्या हातात काय बी न्हवतं." धोंडुबाईनं तुला तांब्या भरून पाणी दिलं, पदरानं तुझं तोंड पुसलं. तू गेल्यावर ती म्हणाली, "आपलं जाऊंदे, तिला किती लागलंय बघा." चुलीवर भाकरी नाही आणि ही बाई तुझ्या दुःखानं हळहळत होती. मीही हळहळले. मी तर आठ दिवस देवाला सांगत होते की हिच्या नोकरीला काही होऊ देऊ नकोस.

मग परवाच्या अमावस्येला गुंडू आमच्या घरचा पंखा दुरुस्त करायला आला. बोलता बोलता मी म्हटलं, तुमचे नवे दिवे टिकतात का रे? तो म्हणाला, "टिकत्यात की वैनी. म्याडमच्या केबिनात गेल्या उन्हाळ्यातच लावलंतं, बघायला म्हणून. तवापासनं एक बी गेल्याला न्हाय. मीच चढवल्यात न्हवं." शिडीवरून अगदी सहज म्हणाला आणि पुढं पंख्याचं बोलत राहिला. मी खाली त्याची शिडी धरून उभी होते. ती सोडून चालत नव्हतं, म्हणून उभी राहिले.

गेल्या उन्हाळ्यात, रत्ना. म्हणजे मी पावसाळ्यात तुझ्या केबिनमध्ये बसून मशिनाचं विचारत होते तेव्हा तो दिवा माझ्या डोक्यावर जळत होता. म्हणून ती खोली एवढी शांत होती. चोकच नव्हता, तर घुमणार काय? पंधरा वर्षं ज्या आवाजावर पोट भरलं, तो आवाज त्या खोलीत नाही हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या जागी आक्का असती तर दारातच थबकली असती. मी थबकले नाही, कारण मी तुझ्याकडं बघत होते.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. कंपनीच्या गोष्टी बाहेर बोलता येत नाहीत, नोकरी गेली असती. नको बोलूस. पण मी घेऊ का म्हटल्यावर, थांब, एवढं म्हणायला कुठल्या साहेबाची परवानगी लागत होती? धोंडुबाईला, जा, म्हणायला? एवढ्यानं तुझी नोकरी गेली नसती. मी पुष्कळ विचार केला आणि मला एकच कारण सापडतं. नवे दिवे येईपर्यंत तुला जुन्या ट्यूबा जळत्या ठेवायच्या होत्या. आम्हाला कुणकूण लागली असती तर बायका दुसरीकडं पांगल्या असत्या आणि तुझे साहेब अंधारात बसले असते. तेवढं एक वर्ष निघायला हवं होतं. गरज सरो, वैद्य मरो. परक्यानं हे केलं असतं तर मी त्याला धंदा म्हटलं असतं. तू त्या मशिनापुढं पदर खोचून नारळ फोडलास, खोबऱ्याचा पहिला तुकडा तुझ्या हातानं माझ्या तोंडात घातलास. तो गिळला मी.

आता हे पत्र का लिहिलं ते. बायकांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. तुझी अब्रू राखायला नव्हे, तो गैरसमज नको. त्यांनी ज्या तोंडावर विश्वास ठेवला त्याच तोंडून त्यांना ते कळायला हवं, म्हणून गप्प आहे. त्यांचं ठरलंय की मशीन बंद असलं तरी यंदाही पूजा करायची आणि नारळ रत्नाक्कानंच फोडायचा. तर तू ये. सकाळी पूजेच्या आधी ये, आणि नारळाला हात लावायच्या आधी धोंडुबाईला सांग, की तिनं अंगणवाडीचं विचारलं तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. रडू नकोस, तू रडलीस की ती तुझंच तोंड पुसत बसते. मी शेजारी उभी राहीन आणि अक्षर बोलणार नाही. त्यानंतर तिनं नारळ तुझ्या हातात दिला तर फोड. तिनं वाढलं तर जेव. तिनं वाढलं नाही तर मीही वाढणार नाही. आणि येणं होणार नसेल तर आधी कळव, म्हणजे शिजवू नकोस म्हणून मी तिला सांगेन. कालच तिनं हुग्गीसाठी गहू सडून ठेवलेत आणि तुझं पातेलं घासून पालथं घातलंय.

अजून तरी तुझीच,
शालू