हलवलेलं न चालणारं झाड

आबा,

तुमच्या त्या झाडाने तुम्हाला खोटं पाडलं, आणि वैताग मात्र माझ्या वाट्याला आला. चंदेरी, मऊ, सशाच्या कानासारख्या पानांचं ते झाड तुम्ही अंगणात लावलंत आणि भर उन्हाळ्यातही त्याला पाणी घालू दिलं नाहीत. आई मायेने तांब्या घेऊन निघाली की तुम्ही ओट्यावरून ओरडायचात, "अगं, कुजवशील त्याला!" मग भाषेवरून प्रांतांची वाटणी झाली. मराठी मुलूख तिकडे गेला, बऱ्हाणपूर इकडे हिंदी मुलखातच राहिलं, आणि तुमच्या कचेरीत विचारणा झाली, तिकडे जायचं की इथेच? आईचं सगळं माहेर अकोल्याला. तिने पितळेची भांडी पोत्यात भरायलाही घेतली होती. मी दाराआड उभा आहे. तुमचे सोबती विचारतात, "का हो, बदलीसाठी नाव का नाही दिलंत?" तुम्ही शांतपणे सांगता, "आमच्या झाडाला हलवलेलं चालत नाही." आत भांडं आदळतं. "झाडाला, की झाडवाल्याला?" आई म्हणते, आणि पोतं सोडते. पुढे ती अकोल्याला गेली ती लग्नकार्यापुरती.

केळीच्या धंद्यात मी कानांच्या जोरावर मोठा झालो. समोरचा माल लपवतोय हे मला त्याच्या 'हॅलो'वरून कळतं. तुमचं ते वाक्य मात्र जन्मभर खरं धरून बसलो. घर वाढवताना भिंत वाकडी घेतली, झाड हलवलं नाही. गवंडी तोंड फिरवून हसत होता. आणि मध्यंतरी जैनाबादची भाजीवाली म्हणते, "काका, बुरा मत मानना, तुमच्या झाडाची एक फांदी नेली होती. कुठंबी खोचा, लग जाती है. इतकी पसरली, शेळीबी तोंड लावत नाही!" आता काय म्हणू तुम्हाला? आईने ते एका डब्यात घालून अकोल्याला नेलं असतं, आबा. एका डब्यात!

काल नाशिकहून मुलाचा फोन आला. "बाबा, खोली रंगवून झालीये. आता तरी येताय ना?" माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, झाडाला हलवलेलं चालत नाही." "झाडाला?" त्याने लगेच विचारलं. कान माझ्यावरच गेलेत त्याचे. भाजीवालीचं ऐकून खिडकीत डब्यात खोचलेल्या फांदीला नवी पानं फुटलीत, हे मी त्याला सांगितलं नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.